मॅथेमॅटिकात ब्रा-केट बसवताना: कम्युटेटर शून्य का आला?

पार्श्वभूमी

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी जुनाच विषय घेतला होता. सरल आवर्ती दोलकाच्या विभवात लॅम्डा गुणिले एक्स⁴ एवढी भर घातली, तर ऊर्जापातळ्या किती सरकतात? पर्टर्बेशनचे, म्हणजे छोट्या बदलाचा परिणाम क्रमाक्रमाने काढण्याचे, हे गणित बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते आणि उत्तरही ठाऊक असते. नवेपण एवढेच, की सगळे बीजगणित मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचे होते, आणि तेही आपण वहीत लिहितो त्याच चिन्हांत: अवस्था दाखवणारे ब्रा ⟨म| आणि केट |न⟩, पातळी एकने उतरवणारा ए आणि एकने चढवणारा ए-डॅगर. यांतली ब्रा आणि केट ही चिन्हे भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३९ साली मांडली. क्वांटम शिकलेल्या माणसाचा हात आता दुसऱ्या कुठल्या चिन्हांवर वळतच नाही, त्यामुळे तिची मागणी रास्त होती.

महाविद्यालय आणि माणसे यांची नावे मुद्दाम गाळली आहेत. मार्गदर्शक सर सैद्धांतिक भौतिकीचे. मी त्याच विभागात संगणकीय भौतिकी शिकवतो आणि प्रकल्प अडला की मुले माझ्याकडे येतात. विभागातल्या संगणकांवर मॅथेमॅटिकाचा परवाना होता. विद्यार्थिनीच्या खोलीवरच्या लॅपटॉपवर मात्र २०१९ पासून मोफत मिळणारे वुल्फ्राम इंजिन होते. त्यात गणित तेच चालते, पण नोटबुक, म्हणजे गणित आणि चिन्हे मांडून दाखवणारी खिडकी, नसते, नुसती आज्ञारेषा असते. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

पुढच्या सगळ्या आकड्यांत एच-बार, वस्तुमान आणि कोनीय वारंवारता तिन्ही १ धरले आहेत. म्हणजे एक्स = (ए + ए-डॅगर)/√२. पहिल्या क्रमाची दुरुस्ती लॅम्डा × (३/४)(२न² + २न + १) यायला हवी. तळपातळीसाठी, म्हणजे न = ० असताना, ती लॅम्डाच्या ३/४ पट.

अडचण

तिच्या पडद्यावर ३/४ ऐवजी ३ येत होते.

“सर, सूत्र वहीत बरोबर आहे, इथे चौपट येतंय. आणि कम्युटेटर शून्य दाखवतंय.”

“ए आणि ए-डॅगरचा?”

“हो. शून्य.”

कम्युटेटर म्हणजे ‘ए ए-डॅगर’ वजा ‘ए-डॅगर ए’, आणि तो १ यायला हवा होता. त्या एका शून्यात सगळे निदान होते, पण ते दिसायला वेळ लागला, कारण पडदा फार देखणा होता. नवी चिन्हे घडवू देणाऱ्या नोटेशन पॅकेजची पॅलेट, म्हणजे बटणांची पट्टी, वापरून तिने केट आणि ब्रा अगदी पुस्तकासारखे उमटवले होते. डॅगर जागच्या जागी, कंस टोकदार. ओळ वाचली की डोळा म्हणायचा, बरोबर आहे. मार्गदर्शक सरांनीही प्रिंटआउट पाहून हेच म्हटले होते.

प्रत्यक्षात काय घडत होते? दोन चिन्हांमध्ये जागा सोडली की मॅथेमॅटिका त्याला साधा गुणाकार समजते. साधा गुणाकार क्रम मानत नाही. घटक आपल्या सोयीने लावून ठेवतो. त्यामुळे ‘ए ए-डॅगर’ आणि ‘ए-डॅगर ए’ आत एकच गोष्ट झाली आणि वजाबाकी शून्य आली. घाताचेही तेच. (ए + ए-डॅगर)⁴ मोकळे केले, तर क्रम पाळून १६ पदे यायला हवीत. ‘एक्स्पांड’ या आज्ञेने ती शाळेतल्या द्विपदी सूत्राप्रमाणे ५ पदांत गुंडाळली. मधल्या पदाचा गुणक ६, आणि क्रम वर्णमालेच्या शिस्तीने: सगळे ए आधी, सगळे ए-डॅगर नंतर. हे पद तळपातळीवर चालवले की ए-डॅगर दोनदा वर नेतो, ए दोनदा खाली आणतो आणि गुणक येतो २. सहा दुणे बारा, भागिले ४, उत्तर ३. चौपटीचे गूढ ते एवढेच.

दुसरा घोळ जास्त चिवट होता. काही ओळींत नियम लागत होते, काहींत नाही, आणि दोन्ही ओळी पडद्यावर सारख्याच दिसत. मी तिला ‘फुलफॉर्म’, म्हणजे ओळीचे आतले खरे रूप, काढायला सांगितले. एका ओळीत ए-डॅगर म्हणजे ‘सुपरडॅगर’ निघाला. दुसऱ्या ओळीत ‘कॉन्जुगेटट्रान्सपोज’. एस्केप-डीजी-एस्केप दाबले की नुसता खंजीर उमटतो, ज्याला मॅथेमॅटिकात स्वतःचा अर्थ नाही. एस्केप-सीटी-एस्केप दाबले की मॅट्रिक्सचा संयुग्मी पक्षांतर करणारा ऑपरेटर येतो, आणि त्याचेही चिन्ह खंजीरच. तिने घरून पाठवलेल्या टिपणांत एक होता, पॅलेटवरून घातलेल्यांत दुसरा. चष्मा पुसून पाहिले तरी फरक कळला नसता.

तिसरी गोष्ट कळफलकाची. केट हाताने टाइप करायला जावे तर उभी रेघ मॅथेमॅटिकात ‘हा किंवा तो’ असा पर्याय दाखवते, आणि ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह तुलना करते. २०१४ च्या दहाव्या आवृत्तीपासून तर कोनी कंसाला लागून रेघ आली की असोसिएशन नावाची वेगळीच रचना सुरू होते. म्हणजे डिरॅकच्या चिन्हांतला प्रत्येक तुकडा आधीच कोणीतरी अडवून ठेवलेला.

पर्याय

सरांच्या खोलीत बसून आम्ही जे पर्याय मांडले, ते सगळे सारख्या तोलाचे नव्हते.

सर्वांत सरळ म्हणजे चिन्हांचा नाद सोडून मॅट्रिक्स घेणे. दहा पातळ्या घेतल्या, १० × १० चे ए आणि ए-डॅगर बनवले, एक्स⁴ काढला, कर्ण वाचला. अर्ध्या तासाचे काम. पण अनंत पातळ्यांची शिडी दहाव्या पायरीवर कापली की कापल्याची खूण राहते. दोन सान्त मॅट्रिक्सच्या कम्युटेटरचा ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या आकड्यांची बेरीज, शून्यच असते. त्यामुळे कर्णावर नऊ वेळा १ आल्यावर शेवटच्या जागी −९ येणे भाग आहे. एक्स⁴ च्या बाबतीत न = ७ पर्यंत आकडे अचूक येतात, कारण वाटेत न + २ च्या वर जावे लागत नाही. न = ८ ला १०८.७५ ऐवजी ८६.२५ येते. शिवाय प्रकल्पाला कुठल्याही न साठी सूत्र हवे होते. सरांनी मिश्कीलपणे सुचवले, की उत्तर न ची द्विघाती बहुपदी आहे हे ठाऊकच आहे, मग ३/४, १५/४ आणि ३९/४ या तीन आकड्यांतून सूत्र बसवून मोकळी हो. गणिताने ते चूक नाही. पण मग प्रकल्पात उरते काय?

दुसरा पर्याय तयार साधनांचा. मेक्सिकोतल्या मॉन्तेरेय तंत्रसंस्थेतून निघालेले ‘क्वांटम’ नावाचे मॅथेमॅटिकाचे जोडसाधन नेमके हेच काम करते. मेपलच्या ‘फिजिक्स’ पॅकेजात ब्रा, केट आणि क्रम पाळणारा गुणाकार तयार आहे. पायथनच्या सिम्पाय ग्रंथालयातही क्वांटमचा वेगळा विभाग आहे. वुल्फ्रामचे स्वतःचे क्वांटम फ्रेमवर्क आहे, पण त्याचा कल मर्यादित मितींच्या अवस्था आणि सर्किटांकडे. तयार साधन घेतले असते तर काम लवकर झाले असते, हे मी आजही म्हणेन. सरांचा आक्षेप वेगळा होता. बाह्य परीक्षक विचारतील, ‘हा नियम आत कुठे लिहिलाय?’ त्यावर ‘पॅकेजात आहे’ हे उत्तर चालणार नाही. हा आक्षेप परीक्षेपुरता योग्य, संशोधनापुरता मुळीच नाही.

मग उरले दोन मार्ग. नोटेशनची पॅलेट दुरुस्त करत राहायचे, किंवा चिन्हे पूर्ण बाजूला ठेवून आधी अर्थ लिहायचा आणि शेवटी त्यावर रूप चढवायचे.

पॅलेटबद्दल एक सांगायला हवे. तिच्यात दुहेरी बाणाने बाहेरचे रूप आणि आतला अर्थ जोडला जातो. एकेरी बाणाने फक्त वाचन किंवा फक्त छपाई ठरवता येते. सोय चांगली आहे. पण नोटेशनचे विधान पॅलेटच्या साच्यातूनच घालावे लागते. तेच शब्द हाताने टाइप केले तर आतला अदृश्य साचा नसतो आणि विधान नीट लागत नाही. विद्यार्थिनीच्या नोटबुकात काही विधाने अशी होती, काही तशी. खोलीवरच्या लॅपटॉपवर तर पॅलेट उघडायला नोटबुकच नव्हते.

लॅपटॉपची ही अडचणच निर्णायक ठरली. आज्ञारेषेवर जे चालणार नाही, ते गणिताचा भाग असू शकत नाही, असे ठरले. म्हणून अर्थ आधी, रूप नंतर.

काय केले

आधी नुसती नावे: केट[न], ब्रा[न], उतर, चढ. खंजीर नाही, कंस नाहीत.

गुणाकार कुठला वापरायचा, हा पहिला खरा निर्णय. मॅथेमॅटिकात क्रम पाळणारा गुणाकार दोन तारकांनी लिहिता येतो आणि बहुतेकांचा हात आधी तिकडेच जातो. तिनेही तो घेतला. पण त्याला ‘फ्लॅट’ हा गुणधर्म चिकटलेला असतो: कंस गळून पडतात आणि नियमातली एक रिकामी जागा साखळीतले कितीही घटक गिळू शकते. बेरीज वाटून देण्याचा नियम लिहिला, अदिश, म्हणजे साधी संख्या, बाहेर काढण्याचा लिहिला, आणि तिसऱ्याच प्रयोगाला पुनरावर्तनाची १०२४ ही मर्यादा ओलांडल्याचा लाल संदेश आला. नियम जरा जपून लिहिला असता तर हेही जमले असते. पण ‘फ्लॅट’शी झुंजत बसण्यापेक्षा कोरा ऑपरेटर बरा, म्हणून मधला टिंब, ‘सेंटरडॉट’, घेतला. त्याला मॅथेमॅटिकाने काहीच अर्थ दिलेला नाही.

कोऱ्या ऑपरेटरला सगळे शिकवावे लागते. तीन-चार घटकांची साखळी आली तर उजवीकडून कंस घालायचे, म्हणजे केटला लागून असलेला ऑपरेटर आधी काम करील. डावीकडे कंस असलेला गुणाकार आला तर तोही उजवीकडे वळवायचा. बेरीज दोन्ही बाजूंनी वाटायची. मग मुख्य दोन नियम: उतर · केट[न] म्हणजे √न गुणिले केट[न − १], आणि चढ · केट[न] म्हणजे √(न + १) गुणिले केट[न + १]. न = ० ला वेगळा अपवाद लागला नाही, गुणकच शून्य होतो.

अदिश कोणाला म्हणायचे, यावर बराच खल झाला. ‘न्यूमेरिकक्यू’ने तपासले तर ५ हा अदिश ठरतो, पण √न ठरत नाही, कारण न ला किंमत दिलेली नाही. लॅम्डाही ठरत नाही. प्रत्येक अक्षर आधी जाहीर करायचे म्हटले तर नवे अक्षर आले की विसरणार. शेवटी उलट बाजूने व्याख्या केली: ज्याच्या पोटात केट, ब्रा, उतर, चढ यांपैकी काहीही नाही, तो अदिश. ही व्याख्या ढिली आहे. उद्या एखादा नवा ऑपरेटर आला आणि यादीत घालायचा राहिला, तर तो निमूटपणे बाहेर काढला जाईल. प्रकल्पात दोनच ऑपरेटर होते, म्हणून चालवून घेतले.

सर्वांत नाजूक जागा मात्र आतल्या गुणाकाराची होती. ब्रा[म] · केट[न] चे उत्तर म आणि न सारखे असतील तर १, नाहीतर ०. तिने ते तसेच्या तसे लिहिले, तिहेरी बरोबरच्या चिन्हाने. चाचणीत आकडे होते, सगळे बरोबर आले. पण तिहेरी बरोबर विचारते, की हे दोन्ही आत्ता, या क्षणी, अक्षरशः तेच आहे का? म आणि न दोन्ही नुसती अक्षरे असली की उत्तर ‘नाही’ आणि गुणाकार शून्य. पुढे म च्या जागी न घातला तरी काही उपयोग नाही. शून्य एकदा होऊन गेले. हे चूक उत्तर कुठलाही इशारा देत नाही. सरांनी हा नियम वाचताच बोट ठेवले.

“म आणि न वेगळे आहेत हे तुला कोणी सांगितलं?”

मग नियम बदलला. दोन्ही लेबलांची वजाबाकी करून सोपे रूप द्यायचे. ती पूर्णांक आली तर निकाल लावायचा: शून्य असेल तर १, नसेल तर ०. पूर्णांक आली नाही तर हात लावायचा नाही, ब्रा-केट तसाच ठेवायचा. न आणि न + २ यांची वजाबाकी अक्षरांतही −२ येते, त्यामुळे प्रकल्पाला जे हवे ते सगळे यात बसले.

घातासाठी वेगळे फलन केले, जे एक्स ला स्वतःशी टिंबाने चार वेळा जोडते. नेहमीचे घातचिन्ह वापरायला बंदी. हे फलन ⟨न| आणि |न⟩ यांच्यामध्ये चालवल्यावर १६ पैकी ६ मार्ग उरले, जितके वर तितकेच खाली जाणारे. सहाही तिने छापून वहीशी ताडले. वर-वर-खाली-खाली या मार्गाचे योगदान (न + १)(न + २), खाली-खाली-वर-वर चे न(न − १), आणि मधले चार. बेरीज ६न² + ६न + ३. भागिले ४. हे पान मला अख्ख्या प्रकल्पातले सर्वांत मोलाचे वाटते.

रूप शेवटी चढवले, आणि त्याला एक दुपार पुरली. पॅलेट टाळून ‘मेकबॉक्सेस’चे, म्हणजे छपाईचे रूप ठरवणारे, दोन नियम लिहिले, जे केट[न] ला ‘टेम्प्लेटबॉक्स’मधून |न⟩ असे छापतात. टेम्प्लेटबॉक्सचा फायदा असा, की लेबल हे त्याचे खरे आर्ग्युमेंट असते आणि वाचताना तो परत केट[न] च होतो. छापलेली ओळ उचलून पुढच्या ओळीत चिकटवली तरी अर्थ हरवत नाही. टाइप करण्यासाठी एस्केप-केट-एस्केप अशी लघुरूपे नोटबुकाला जोडली. खंजीर फक्त छपाईत ठेवला. आत सगळीकडे ‘चढ’. दोन खंजिरांचा प्रश्न अशा रीतीने उद्भवूच शकला नाही.

निष्पत्ती

पहिल्या क्रमाचे सूत्र जुळले. दुसऱ्या क्रमासाठी एक्स⁴ |न⟩ मोकळा करून |न ± २⟩ आणि |न ± ४⟩ यांचे गुणक घेतले, वर्ग केले, ऊर्जाफरकाने भागले. उत्तर आले −(लॅम्डा²/८)(३४न³ + ५१न² + ५९न + २१). तळपातळीला −२१/८, जे माहीत असलेल्या किमतीशी जुळते. खोलीवरच्या आज्ञारेषेवरही हेच उत्तर आले, फक्त तिथे केट शब्दाने छापला जात होता.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी चिन्हांकडे फारसे पाहिलेच नाही. त्यांनी एक्स⁴ चा एक्स³ करायला सांगितला. तिने एक आकडा बदलला. पहिला क्रम शून्य, दुसरा तळपातळीसाठी −११/८. मग त्यांनी विचारले, की अदिश कोण हे तुमच्या प्रोग्रामला कसे कळते? त्यावर पाच मिनिटे बोलणे झाले आणि ती बोलू शकली.

सगळे गोड झाले असे नाही. परीक्षेआधी विभागातल्या दुसऱ्या संगणकावर नोटबुक उघडले, तेव्हा व्याख्यांची फाइल चढवलेली नव्हती. जुन्या छापील ओळी छान दिसत होत्या, पण नवी ओळ चालवली की तशीच परत येई. व्याख्या वेगळ्या पॅकेज फाइलीत नेऊन, नोटबुकाच्या पहिल्या खणात तिला हाक मारणारी आरंभीची आज्ञा ठेवून ते मिटवले. आणि एक्स⁸ ला पदे २५६ होतात, तेव्हा हा सगळा डोलारा मंद चालतो. प्रत्येक गुणाकाराला सगळे नियम पुन्हा तपासले जातात, त्याला इलाज नव्हता.

वेगळे काय करता आले असते

चाचण्या शेवटी आल्या, त्या पहिल्या दिवशी हव्या होत्या. कम्युटेटर |न⟩ वर चालवला तर |न⟩ च परत यावा, ही एक ओळ सुरुवातीला असती तर देखण्या पडद्याने कोणाला फसवले नसते. १० × १० ची मॅट्रिक्सही मुख्य साधन म्हणून नाकारली ते ठीक, पण ताळ्यासाठी पहिल्यापासून शेजारी ठेवायला हवी होती. न = ७ पर्यंत ती बिनचूक साक्षीदार होती आणि तिला कोणी बोलावलेच नाही.

चिन्हे मुळात हवी होती का? सर म्हणतात हवी होती, कारण विद्यार्थी वहीतली ओळ आणि पडद्यावरची ओळ शेजारी ठेवून वाचू शकतो. माझे मत जरा वेगळे आहे. तिचे निम्मे सत्र पॅलेटशी भांडण्यात गेले आणि शेवटी उपयोगी पडले ते केट[न]. अहवालाच्या छापील पानांपुरते रूप पुरेसे होते.

एक गोष्ट मात्र त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती, ती पुढच्या वर्षी उघडी पडली. नव्या विद्यार्थ्याने तीच फाइल कोहिरंट अवस्थांसाठी, म्हणजे अनेक पातळ्यांच्या ठरावीक मिश्रणांसाठी, घेतली. कोहिरंट |१⟩ आणि दोलकाची पहिली पातळी |१⟩ यांत प्रोग्रामला भेद नव्हता. कोहिरंट ⟨१|२⟩ ची किंमत ०.६०७ च्या आसपास असते. आमचा वजाबाकीचा नियम तिथे बिनदिक्कत शून्य सांगत होता. तेव्हा केटला दुसरे आर्ग्युमेंट जोडले, आधार, म्हणजे अवस्थांचा संच, कोणता ते सांगणारे, आणि दोन्ही आधार एकच असतील तरच, तोही पातळ्यांचा असेल तरच, वजाबाकी करायची असे ठरवले. छपाईत ते लहान पायचिन्ह म्हणून दिसते. जुन्या प्रकल्पाच्या फाइलीही या नव्या रूपात आणून ठेवल्या आहेत, स्थानासाठी |एक्स⟩ अजून जोडायचा आहे.